भावजींचं मीटर आणि सोप्यातली तंबाखू

निपाणीपासून दहा-बारा किलोमीटरवर, वेदगंगेकाठच्या एका गावातून एका सुनेचं पत्र आलं आहे. वय एकोणतीस, रसायनशास्त्रात बी.एस्सी. सासरच्या साडेतीन एकरांतल्या सव्वा एकरात अजून विडीची तंबाखू होते, बाकी ऊस. तंबाखूत पोलोनियम नावाचा किरणोत्सर्गी पदार्थ असतो, तो फॉस्फेट खतातून येतो आणि पान कसं वाळवलं यावरही त्याचं प्रमाण ठरतं, असं तिनं मोबाईलवर ऐकलं. तेव्हापासून तिला झोप नाही. माल विकेपर्यंत पोती सोप्यात रचलेली असतात आणि त्यांना लागूनच तिचा चार वर्षांचा मुलगा आजीजवळ झोपतो.

तिनं हे दिराला सांगितलं. त्याला भीती वाटायच्या ऐवजी धंदा दिसला. त्यानं ऑनलाइन एक मीटर मागवलं, पोत्यांवरून फिरवलं, आकडा काही वाढला नाही. आता त्याचा बेत असा, की पुढच्या हंगामात रासायनिक खत बंद करायचं, माल दोन वर्षं मुरवायचा आणि ‘रेडिएशन-फ्री सेंद्रिय तंबाखू’ म्हणून जादा दरानं विकायचा. सासरे दिवसाला दीड बंडल विड्या ओढतात, त्यांना खोकला आहे, सासू मिश्री लावते. पत्रातला शेवटचा प्रश्न असा: “ज्या पिकावर हे घर उभं राहिलं, त्याविरुद्ध बोलायचा मला हक्क आहे का?”

—

ताई,

पोराची वाकळ आज रात्रीच माजघरात हलवा. पण ज्या कारणासाठी तुम्ही घाबरलात, त्या कारणासाठी नको.

पोलोनियममधून निघणारे अल्फा कण फार दांडगे, पण अत्यंत आळशी. हवेत काही सेंटिमीटर गेले की थकतात. साधा कागद त्यांना अडवतो, आपल्या अंगावरची मेलेली कातडी अडवते. पोत्याच्या आतल्या पानावरचा पोलोनियम तागातून बाहेर येऊन तुमच्या मुलाला गाठेल, हे होत नाही. पोत्याशेजारी झोपल्यानं त्याला जो काही किरणोत्सर्ग मिळेल, तो घराच्या दगडी भिंतींतून आणि जमिनीतून सगळ्यांना रोजच मिळतो त्यात शोधूनही सापडणार नाही.

वाकळ हलवायची ती धुरळ्यासाठी. पोतं हललं की तंबाखूची भुकटी उडते, अंथरुणावर बसते, पोराच्या हाताला लागते आणि हात तोंडात जातो. चार वर्षांच्या मुलासाठी निकोटीन हे सरळ सरळ विष आहे आणि त्याला थोडंसं पुरतं. वखारीत चाळणीवर बसणाऱ्या बायका नाकातोंडाला पदर बांधून का बसतात, हे तुमच्या भागात कुणाला सांगायला नको. तोच धुरळा घरात आहे, फक्त थोडा कमी. सोप्याला दार असेल तर ते लावा, पोती ताडपत्रीनं झाका, केरसुणीऐवजी ओल्या फडक्यानं पुसा. पोलोनियम असो वा नसो, हे करायचंच.

आता पोलोनियमकडे येऊ. तुम्ही जे ऐकलंत ते खोटं नाही. १८९८ साली मारी आणि पिएर क्यूरी यांनी हे मूलद्रव्य शोधलं आणि मारीबाईंच्या पोलंडवरून त्याला नाव दिलं. ते सिगारेटच्या धुरात असतं, हे एडवर्ड रॅडफर्ड आणि व्हिल्मा हंट या अमेरिकी संशोधकांनी १९६४ साली दाखवलं. सिगारेट कंपन्यांना ते निदान तेव्हापासून माहीत होतं. त्यांचे आतले कागद पुढे कोर्टकचेऱ्यांतून बाहेर आले, तेव्हा लोकांना कळलं की यावर कंपन्यांत दशकानुदशकं चर्चा चालली होती आणि बाहेर मात्र गप्प राहायचं ठरलं होतं.

मात्र तुमच्या पत्रात एक गृहीत आहे, आणि भावजींच्या बेतात तेच मोठं होऊन आलं आहे: हे सगळं खतातून येतं, म्हणजे खत सोडलं की सुटलं. इथं जरा थांबू या.

साखळी अशी आहे. जमिनीतल्या युरेनियमपासून फार सावकाश रेडियम होतं, रेडियमपासून रेडॉन. रेडॉन वायू आहे, तो मातीतून वर येऊन हवेत मिसळतो. त्याचं निम्मं आयुष्य ३.८ दिवसांचं, म्हणजे तेवढ्या काळात तो फुटून निम्माच उरतो. तो फुटत फुटत शेवटी शिशाचा एक किरणोत्सर्गी प्रकार तयार होतो, शिसे-२१०. हे शिसं हवेतल्या धूलिकणांना चिकटतं आणि वारा नेईल तिथं जातं. ते जिथं बसेल तिथं त्यातून सावकाश पोलोनियम-२१० निघत राहतो.

आणि ते बसतं कुठं? तंबाखूच्या पानावर. तंबाखूत दिवसभर काम केल्यावर हाताला जो काळा चिकट थर बसतो, साबणानंही निघत नाही, तो तुम्हाला ठाऊक आहेच. पानावर बारीक लव असते आणि लवेच्या टोकाला डिंकासारखा चीक. माशा पकडायचा चिकट कागद असतो ना, तसंच हे पान चार-पाच महिने रानात उघडं उभं असतं. एडवर्ड मार्टेल या शास्त्रज्ञानं १९७४ साली हेच दाखवलं, की शिसे-२१० या लवेत साठलेलं असतं. शेंडे खुडून बगलफुटी काढल्या की पान जाड होतं, चीक वाढतो, तंबाखू ‘कडक’ होते. ज्या कामानं भाव मिळतो, त्याच कामानं पान जास्त चिकट होतं.

आपल्याकडची हवाही बघा. पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो आणि समुद्रातून रेडॉन फारसा निघत नाही. दिवाळीनंतर वारा फिरतो, जमिनीवरून येऊ लागतो. थंडीच्या पहाटे धुकं जसं ओढ्याकाठी साचतं, तसा रेडॉनही जमिनीलगत साचतो. नेमक्या त्याच दिवसांत आपलं पान पिकतं, त्यावर ठिपके येतात आणि कापणी जवळ येते. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. निपाणी-चिकोडीची काळी जमीन बेसाल्टच्या दगडापासून झालेली आणि त्या दगडात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी असतं. पण वारा काही फक्त आपल्याच रानातला नसतो.

म्हणून भावजींना सांगा, खताची पिशवी बदलली तरी आभाळ तेच राहतं.

खताचा वाटा नाही असं मी म्हणत नाही. फॉस्फेटचा खडक बहुतेक समुद्रातल्या गाळापासून झालेला असतो आणि त्यात युरेनियम-रेडियम भरपूर सापडतं. पुढं ते कुठल्या खतात किती उरतं, ही गंमतीची गोष्ट आहे. ती मी सविस्तर सांगते, कारण सोसायटीच्या दुकानात कुणी सांगत नाही.

सिंगल सुपर फॉस्फेट, म्हणजे आपलं ‘सुपर’, करताना खडकाच्या भुकटीवर गंधकाम्ल टाकतात. तयार होणारा जिप्सम वेगळा काढत नाहीत, तो खतातच राहतो. रेडियमला जिप्सम फार आवडतो, त्यामुळे खडकातलं बहुतेक रेडियम त्या दाण्यात बसून आपल्या सरीत येतं. डीएपीसाठी मात्र आधी फॉस्फोरिक आम्ल वेगळं काढतात. जिप्सम कारखान्याबाहेर ढिगात जातो आणि त्याच्याबरोबर बरंचसं रेडियम, शिसे-२१० आणि पोलोनियमही जातं. युरेनियम आम्लाबरोबर डीएपीत येतं, हे खरं. पण त्या युरेनियमपासून नव्यानं रेडियम साठायला हजारो-लाखो वर्षं लागतात. तेवढी भावकीची वाटणी कुणाची टिकत नाही.

म्हणजे तंबाखूच्या सव्वा एकरात स्फुरद (फॉस्फरस) द्यायचंच असेल, तर या एका हिशेबानं सुपरपेक्षा डीएपी बरं. त्याच कारणानं, चोपण झालेल्या उसाच्या रानासाठी आणलेला जिप्सम तंबाखूच्या तुकड्यात टाकू नका. खत कारखान्याच्या ढिगातलाही जिप्सम बाजारात येतो, तेव्हा घेताना तो खाणीतला की कारखान्यातला, हे विचारून घ्या.

आता ‘सेंद्रिय’ची खोच. भावजी रासायनिक स्फुरद सोडून काय घालणार? दुकानदार पहिल्यांदा रॉक फॉस्फेट दाखवेल, नाहीतर ‘प्रॉम’. सेंद्रिय शेतीत रॉक फॉस्फेट चालतं. पण ते म्हणजे तोच खडक, दळलेला. त्यातलं काहीच बाहेर काढलेलं नाही. प्रॉममध्येही कंपोस्टात तोच खडक मिसळलेला असतो. सेंद्रियच्या पाटीखाली सुपरमधला सगळा ऐवज परत रानात, असा तो प्रकार. आणि फॉस्फेटच्या खडकात कॅडमियम हे विषारी धातूद्रव्यही असतं. ते तंबाखूचं झाड मुळातून ओढून पानात साठवण्यात पटाईत आहे.

खरा मार्ग साधा आहे, आणि तुमच्या सासऱ्यांना तो आमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. आधी माती तपासून घ्या, रयत संपर्क केंद्रात नमुना कसा द्यायचा ते सांगतात. वर्षानुवर्षं ऊस आणि तंबाखूला सढळ हातानं खत दिलेल्या रानात स्फुरद बऱ्याचदा साठलेलं असतं, मग नवीन घालायची गरजच उरत नाही. शेणखत घाला. धनगराला सांगून उन्हाळ्यात दोन रात्री मेंढरं बसवा. स्फुरद विरघळवणारे जिवाणू मिळतात, ते स्वस्त आहेत. युरियाचा हातही आवरा. त्याचं कारण किरणोत्सर्गाहून मोठं आहे, पुढं सांगते.

वाळवण्याबद्दल तुम्ही विचारलंत. वाळवल्यानं पोलोनियम तयार होत नाही, आधीच आलेला दाट होतो. शंभर किलो ओलं पान वाळून पंधरा-वीस किलो उरतं, पण त्यावरचं शिसं तेवढंच राहतं. म्हणून किलोमागचा आकडा पाच-सहा पट होतो. आंब्याचा रस आटवून साठं घातल्यासारखं.

पण पद्धतीनं थोडा फरक पडतो. आपल्याकडे कापलेली तंबाखू रानात किंवा मुरमाड माळावर पसरतात, उन्हात वाळवतात, दहिवर पडून नरम झाली की उलटतात. तेवढे सगळे दिवस ती उघड्यावर असते, वरून धूळ आणि खालून माती. चिकट पानाला लागलेली माती स्वतःबरोबर स्वतःचं रेडियम-शिसं घेऊन येते. पान जमिनीवर न टाकता तट्ट्यावर, स्वच्छ ताडपत्रीवर किंवा बांबूच्या मांडवावर वाळवलं, तर एवढा भाग टळतो. शिवाय मातीचा माल म्हणून व्यापारी जो दर पाडतो, तोही थोडा सावरेल. तळाची, रानात सगळ्यात जास्त दिवस राहिलेली धुरकट पानं वेगळी काढा. धुवायच्या भानगडीत पडू नका. ते शिसं चिकात अडकलेलं असतं, पाण्यात विरघळत नाही. पान मात्र हमखास काळं पडून कुजेल.

म्हैसूरजवळ हुणसूर-पिरियापट्टणकडे व्हर्जिनिया तंबाखू बंद कोठारात गरम हवेवर आठवड्याभरात वाळवतात. माती लागत नाही, हवेतली धूळही कमी बसते. म्हणून भावजींनी कोठार बांधायचं म्हटलं, तर नको म्हणा. तिथली उष्णता सत्तर अंशांच्या आसपास असते, तेवढ्यानं शिसं-पोलोनियम हलत नाहीत. रानात बसलेलं ते पानावरच राहतं. विडीच्या पानाला ती पद्धत मानवतही नाही, रंग आणि कडकपणा दोन्ही जातात, आणि जळणाचा खर्च वेगळा.

सगळ्यात मोठी चूक ‘दोन वर्षं मुरवून’ या शब्दांत आहे. भावजींनी कुठंतरी वाचलं असणार, की पोलोनियमचं निम्मं आयुष्य १३८ दिवसांचं. हिशेब बरोबर, पण अर्धा. पानावर मुळात शिसे-२१० बसतं आणि त्याचं निम्मं आयुष्य २२ वर्षांचं. कापणीच्या वेळी पोलोनियम त्या शिशाच्या मानानं कमी असतो, मग पोत्यात बसल्या बसल्या तो वाढत जातो. १३८ दिवसांत निम्मी तूट भरते, वर्षभरात पंच्याऐंशी टक्क्यांच्या जवळ, दोन वर्षांत जवळजवळ सगळी. तेवढ्या काळात शिसं घटतं फक्त सहा टक्के. विहिरीतलं पाणी उपसलं तरी झरा चालूच असावा, तसं. जुनी तंबाखू चवीला मऊ होत असेल, पोलोनियमच्या बाबतीत ती नव्यापेक्षा जास्त भरलेली असते.

मीटरचं कोडंही यातच आहे. बाजारातल्या स्वस्त मीटरमध्ये काचेची किंवा पत्र्याची नळी असते. जे अल्फा कण कागदातून जात नाहीत, ते काचेतून काय जाणार? आणि तंबाखूत पोलोनियमचं प्रमाण किलोला दहा-वीस बेकेरेलच्या आसपास असतं, म्हणजे अख्ख्या किलोभर तंबाखूत सेकंदाला दहा-वीस अणू फुटतात. तो आकडा काढायचा तर प्रयोगशाळेत पान आम्लात विरघळवावं लागतं, त्यातला पोलोनियम चांदीच्या चकतीवर बसवावा लागतो आणि निर्वात पेटीत ती चकती दिवसेंदिवस मोजावी लागते. तुम्ही रसायनशास्त्राच्या, तुम्हाला हे समजेल. भावजींना एवढंच सांगा: मीटर गप्प आहे ते बहिरं आहे म्हणून.

मग इतक्या थोड्या पोलोनियमचं एवढं भय कशाला? कानडीत तंबाखूला ‘होगेसोप्पू’ म्हणतात, धुराची भाजी. मला हा शब्द फार नेमका वाटतो, कारण सगळा घोळ धुरात आहे. पेटत्या टोकाशी झुरक्याला आठशे अंशांपर्यंत उष्णता जाते. तिथं पोलोनियमची वाफ होते, ती धुराच्या कणांवर बसते आणि फुप्फुसात जाते. श्वासनलिकेला जिथं फांद्या फुटतात, तिथं हे कण अडकतात. निरोगी माणसाची तिथली लव ते झाडून बाहेर काढते, पण ओढणाऱ्याची लव धुरानं आधीच मेलेली असते. आणि आत, ओल्या नाजूक पेशींना चिकटल्यावर, कागदाला हरणारा तोच अल्फा कण सगळ्यात घातक ठरतो. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कितीतरी कमी, पण तिला गाळणी नाही. पानाची गुंडाळी लगेच विझते, म्हणून मामंजींना घाईनं आणि खोल झुरके घ्यावे लागतात.

इथं आणखी एक गृहीत तपासायला हवं, हे थोडं माझ्यासारख्या विज्ञानवाल्यांच्या पापाचं फळ आहे. ‘किरणोत्सर्ग’ शब्द ऐकला की अंगावर काटा येतो आणि बाकी सगळं मागं पडतं. तंबाखूच्या धुरात कर्करोग करणारे ज्ञात पदार्थ सत्तरच्या घरात आहेत. पोलोनियम त्यातला एक. या सगळ्या रोगात त्याचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. उद्या कुणी जादूनं सगळा पोलोनियम काढून घेतला, तरी मामंजींची विडी विडीच राहील.

त्या सत्तरांतले काही मोठे गुन्हेगार तर वाळवताना आणि साठवतानाच तयार होतात. नायट्रोसामाइन त्यांचं नाव. ताज्या पानात ते नसल्यासारखे असतात. युरिया जास्त झाला की पानात नायट्रेट साठतं. माल अर्धवट वाळलेला, दमट, पोत्यात कोंदलेला असला की जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि पानातल्या निकोटीनसारख्या द्रव्यांशी जुळून हे विष बनतं. म्हणून युरिया आवरा, पान पूर्ण वाळल्याशिवाय पोती भरू नका, पोत्यांखाली लाकडी फळ्या द्या आणि पावसाळा घरात काढू देऊ नका. शेतकऱ्याच्या हातात वाळवण्यातून जे काही कमी करणं आहे, ते पोलोनियमपेक्षा इथं जास्त आहे. मिश्री लावणाऱ्या आत्यांना धूर लागत नाही, पण हे नायट्रोसामाइन थेट हिरड्यांना लागतात. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड उघडायला त्रास, यातलं काही असेल तर दाताच्या डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका. आणि दात येताना नातवाच्या हिरडीवर मिश्रीचं बोट फिरवायची जुनी रीत कुठं दिसली, तर तिथं सून म्हणून नाही, आई म्हणून मोठ्यानं बोला.

माझं स्वतःचं एक आठवतं. मी चिकोडी भागातली, आमच्याकडे माळावर तंबाखू पडायची. जानेवारीच्या पहाटे कंदील घेऊन आई-आत्यांबरोबर पान उलटायला जायचे. परकर दहिवरानं भिजायचा. घरी आले की गरगरायचं, उलटी व्हायची. आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून नजर काढायची. पुढं चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा कधीतरी उलगडलं की ती नजर नव्हती. दहिवरात निकोटीन विरघळतं आणि ओल्या कातडीतून अंगात जातं. आजही ओलं पान हाताळणाऱ्या बायकांना हेच होतं आणि त्या पित्त म्हणून सोडून देतात. हातमोजे, प्लॅस्टिकचं आवरण, भिजले कपडे लगेच बदलणं, काम संपल्यावर साबणानं हात धुणं. आणि गरोदर बाईला किंवा शाळकरी पोराला त्या कामाला लावायचं नाही, मग मजूर मिळो न मिळो.

आता भावजी. त्यांना लोभी म्हणू नका. तंबाखूला चांगला भाव मिळावा यासाठीच १९८१ साली तुमच्या भागातले हजारो शेतकरी शेतकरी-नेते शरद जोशींबरोबर निपाणीला महामार्ग अडवून बसले होते, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली होती. त्या वेळी मामंजी कुठं होते, विचारून बघा. संध्याकाळ पुरणार नाही. भावाची भूक या मातीतलीच आहे. पण त्यांनी लावायची ठरवलेली पाटी खोटी आहे आणि तिचा घात ओढणाऱ्याला होतो. ‘रेडिएशन-फ्री’ वाचून कुणी सोडायची ठरवलेली विडी चालू ठेवील, चालू असलेली वाढवील. २००३ च्या कायद्यानं तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी आहेच, पण कायद्याच्या आधी मला तो अनोळखी माणूस दिसतो. तुम्ही त्यांना असं म्हणून बघा: खतखर्च कमी करू, माती न लागलेला, नीट वाळलेला, दमट नसलेला माल करू आणि ‘स्वच्छ माल’ म्हणून दर मागू. तेवढं सांगणं खरं आहे. व्यापारी त्याला दोन रुपये देतो की नाही, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. मातीचा दर कापून घेणार नाही, एवढं नक्की.

तंबाखू सोडून काय लावायचं, याचा सल्ला मी बेळगावात बसून देणार नाही. सव्वा एकरात किती पाणी आहे, किती कर्ज आहे, हे मला माहीत नाही. पुढच्या वर्षी त्यातली दहा गुंठे दुसऱ्या कशाला देऊन बघा, एवढंच म्हणेन. एकदम सगळं उपटायची सक्ती कुणावर नाही.

आणि हक्काचं. तुम्ही पिकाविरुद्ध बोलत नाही आहात, धुराविरुद्ध बोलत आहात. पीक घेणारा आणि ओढणारा एकाच सोप्यात बसतात, म्हणून तुमच्या घरात हे दोन्ही एक झालेत. मामंजींना पोलोनियम सांगू नका. “साठ वर्षं काय झालं नाही” हे उत्तर तयार आहे आणि त्या उत्तरापुढं अणुविज्ञान चालत नाही. त्यांना नातू सांगा. सोप्यात, पोराच्या अंगावर धूर जातो, एवढं पुरे आहे. पहिल्या आठवड्यात फक्त एक अट, विडी अंगणात. दुसऱ्या महिन्यात सकाळची पहिली विडी चहानंतर अर्ध्या तासानं. सोडायची तयारी दिसली, तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा नंबर फुकट आहे. फोन तुम्ही लावून द्या, बोलू द्या त्यांना. पत्रात लिहिलेला खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल, तर त्याआधी छातीचा फोटो आणि थुंकीची तपासणी करून घ्या. पोलोनियमची वाट बघत बसण्यापेक्षा क्षयरोग आहे की नाही हे आधी कळलेलं बरं.

भावजींशी बोलताना मीटरची चेष्टा करू नका. त्यांनी मोजायचा विचार केला, आमच्या शाळेतल्या निम्म्या मास्तरांनी तोही केला नसता. पण ते परत घेतात का, बघायला सांगा. खोका फोडला असला तरी विचारायला काय जातं, आणि त्या पैशात दोन ताडपत्र्या येतील.